उरलेल्या बारा गोळ्या

मंजू,

तुझ्या शोकसभेत मी माणसं मोजली. एकशे चौदा. खुर्च्या ऐंशी होत्या, बाकीचे भिंतीला टेकून उभे होते. दाराशी येऊन-जाऊन असलेले मी धरलेले नाहीत. तू शेजारी असतीस तर कोपरानं ढोसून म्हणाली असतीस, "ताई, इथे तरी!" पण रडू येईना, म्हणून मोजत बसले.

का येईना, ते सांगते. मला तुझा हेवा वाटत होता. तुझ्या प्रयोगशाळेतला एक उंच विद्यार्थी तमिळमध्ये बोलायला उभा राहिला आणि चौथ्या वाक्यात अडकला. अख्खं सभागृह त्याच्यासाठी थांबून राहिलं. मी सव्वीस वर्षं गणित शिकवते. चेन्नईत, वेलचेरीच्या आमच्या रस्त्यावर दर दोन-तीन घरांमागे माझ्या हाताखालून गेलेलं कुणीतरी आहे. माझ्यासाठी कुणी चौथ्या वाक्यात अडकेल असं मला वाटत नाही. फार तर म्हणतील, मॅडम पायऱ्या लिहिल्या नाहीत तर मार्क कापायच्या.

तू जाऊन आज चोवीस दिवस झाले. मंगळवारी दुपारी डोकं दुखतंय म्हणून टेबलावर टेकलीस, मेंदूत रक्तस्राव झाला, आणि दिवस मावळायच्या आत सगळं संपलं. तेराव्याला आलेली माणसं आपापल्या गावी गेली. आता घरात मी आहे, माझा नवरा प्रकाश आहे, आणि तुझं-माझं अर्धवट राहिलेलं भांडण आहे. ते मला एकटीलाच पुढे चालवायचं आहे, तर नीट ऐक.

तुझ्या जन्माआधी तीन वर्षं मला नाव होतं. बाबा मला शैलू म्हणायचे. तू आलीस, आणि तुला सवय लागावी म्हणून आईनं, बाबांनी, आपल्या आवडी गावातल्या क्वार्टर्समधल्या एकूण एक शेजाऱ्यांनी मला ताई म्हणायला सुरुवात केली. तुला सवय लागली. त्यांची मात्र सुटली नाही. बाबांचं माझ्याशी शेवटचं बोलणं "ताई, पाणी" एवढंच होतं. तू मंजूची मंजूच राहिलीस. मी स्वतःच्या बापाची ताई झाले.

बाबा आवडीच्या सरकारी कारखान्यात स्टोअरकीपर होते आणि घरीही स्टोअरकीपरच होते. आपल्या दोघींपुढे ओंजळभर चिंचोके टाकायचे आणि म्हणायचे, "बोला, किती?" मी दहा-दहाचे ढीग लावायचे. एकदा त्र्याण्णव निघाले. मी सांगितलं, त्र्याण्णव. बाबांनी मान हलवली, "बरोबर." मग तुझ्याकडे वळले. तू चिंचोक्यांकडे एक नजर टाकून म्हणालीस, "खूप!" बाबा हसता हसता खुर्चीतून घसरले. पुढे पंचवीस वर्षं कुणी काही विचारलं, पाऊस किती झाला, लग्नाला माणसं किती होती, की त्यांचं उत्तर ठरलेलं: "मंजूच्या मोजणीनं, खूप." माझं त्र्याण्णव कुणाच्या लक्षात नाही. ते बरोबर होतं.

बारावीला गणितात मला तुझ्यापेक्षा अकरा मार्क जास्त होते, हेही इथे लिहून ठेवते. आणि मला कुणी शिकण्यापासून अडवलं नाही, हेही. मला शाळा हवी होती, मी शाळा घेतली. तुला गणित जड जात होतं म्हणून तू जीवशास्त्राकडे गेलीस आणि पीएचडी झालीस. तक्रार करायला मला जागाच नाही. हेवा करायला जागा लागत नाही.

मग बाबांचं आजारपण. निवृत्त होऊन ते माझ्याकडे वेलचेरीला येऊन राहिले होते. यकृताचा कॅन्सर निघाला, तोही शस्त्रक्रियेच्या पुढे गेलेला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या: सकाळी दोन, संध्याकाळी दोन, रिकाम्या पोटी, खाण्याआधी एक तास. साठ दिवसांच्या दोनशे चाळीस. मी त्या सगळ्या एका स्टीलच्या डब्यात काढल्या, मोजल्या, आणि दोनशे पानी वहीत रकाने आखले. तारीख, वेळ, गोळी, ताप, वजन, पोट, शेरा. गोळीच्या रकान्यात बरोबरची खूण. साठ दिवस, एकशे वीस खुणा. तुला ती वही बघून हसू यायचं. "ताई, माझ्या मुलांकडून एवढी नीट वही मला वर्षभरात मिळत नाही." बघ, तेव्हाही तुझे विद्यार्थी म्हणजे 'माझी मुलं'.

सकाळी सहाला मी बाबांच्या तळहातावर दोन गोळ्या ठेवायचे, पेला द्यायचे, वहीत खूण करायचे आणि शाळेचा डबा भरायला पळायचे. साडेसहाला शेअर ऑटो. गोळी गिळलेली बघायला थांबायचे का? नाही. बाबांसारखा आज्ञाधारक रोगी दुसरा नव्हता. ज्या माणसानं छत्तीस वर्षांत एक वॉशर इकडचा तिकडे होऊ दिला नाही, त्याच्या गोळीवर कोण पाळत ठेवणार?

गोळीचा त्रास सांगण्यासारखा होता. तळहात सोलवटले, तोंड आलं, आणि पोट तर सकाळच्या गोळीनंतर दोन तासांत हमखास बिघडायचं. बाहेर जाणं बंद झालं. ते मला काही म्हणाले नाहीत, पण दिवसभर गॅलरीतून लोकलच्या उंच पुलाकडे बघत बसायचे.

आणि तुझे शनिवार सुरू झाले. पहिले दोन शनिवार तू नुसतीच येऊन बसून गेलीस. तिसऱ्यापासून तू त्यांना लोकलनं तिरुमयिलै स्टेशनापर्यंत इडलीसाठी न्यायला लागलीस. मला अर्धा दिवस शाळा असायची. एकला घरी यावं तर तुम्ही दोघं नुकते परतलेले, बाबांच्या चेहऱ्यावर हसू, आणि हॉलमध्ये तुमच्या गप्पा. मी चपला काढून सरळ स्वयंपाकघरात जायचे. भात लावता लावता सगळं ऐकू यायचं.

"बाबा, तुमच्या कारखान्यात पार्ट कशावरून बनायचा?"

"ड्रॉइंगवरून. ड्रॉइंग ऑफिसात कुलपात. त्याची नक्कल काढायची, ती खाली मशिनवाल्याकडे."

"पेशीतही तसंच. ड्रॉइंग म्हणजे डीएनए. नक्कल म्हणजे आरएनए. नकलेवरून प्रथिन बनतं. पण गंमत अशी, की पेशीत अशा कितीतरी चिठ्ठ्या फिरतात, ज्यांच्यावरून काहीच बनत नाही. आम्ही आधी म्हणायचो, कचरा आहे."

बाबा लगेच ताठ बसले असणार, खुर्ची करकरली. "कचरा कसा? गेट पास आहे तो!"

"काय?"

"अगं, गेट पासवरून कुठे पार्ट बनतो? पण गेट पास नसेल तर माल हलतो का? कोणता माल आत, कोणता बाहेर, कोणतं मशिन आज बंद, हे सगळं चिठ्ठीवरच चालतं. चिठ्ठ्या ज्याच्या हातात, कारखाना त्याचा."

तू टाळी दिलीस त्यांना. मग सांगितलंस, की यकृताच्या कॅन्सरची पेशी औषधाला सरावते त्यात याच चिठ्ठ्यांचा हात असतो. पेशीच्या आवरणात औषध बाहेर फेकणारे पंप असतात. एक छोटी चिठ्ठी त्या पंपांवर लगाम ठेवते. पण सरावलेल्या पेशीत एक लांबलचक चिठ्ठी जास्त बनायला लागते आणि ती छोटीला स्वतःलाच चिकटवून ठेवते. लगाम सुटला, पंप वाढले, औषध बाहेर.

"म्हणजे ही लांबडी बाई गेटवरच्या माणसाला चहा पाजत बसवून ठेवते," बाबा म्हणाले, "आणि मागून माल पसार!"

"बाबा, हे मी माझ्या पुढच्या भाषणात वापरू?"

"वापर. खाली माझं नाव घाल."

तुम्ही दोघं किती हसलात. मी डाळीला फोडणी देत होते. मला गेट पासबद्दल त्यांनी कधी एक शब्द सांगितला नव्हता. मी कधी विचारलं नव्हतं, हे खरं आहे, पण त्या दिवशी मला ते आठवलं नाही. मी आतून ओरडले, "जेवायला चला, दीड वाजला." आणि जेवणानंतर वहीत पोटाच्या रकान्यात लिहिलं: ठीक. शेऱ्यात लिहिलं: शनिवार.

सहा शनिवार ओळीनं मी तेच लिहिलं. पोट ठीक. इतर दिवशी तीनदा, चारदा, एकदा सहादा. शनिवारी ठीक. गणिताची बाई मी, आठवीच्या पोरांना तक्त्यातून नेम शोधायला शिकवते. माझ्याच तक्त्यातला नेम मला दिसला, पण त्याचा अर्थ मी हेव्यानं लावला. मी प्रकाशला म्हणाले, "बघ, मंजू आली की त्यांचं पोटसुद्धा बिघडत नाही."

साठ दिवस संपले त्या संध्याकाळी डबा रिकामा हवा होता. त्यात बारा गोळ्या होत्या.

मी पुन्हा मोजल्या. वहीतल्या खुणा मोजल्या. एकशे वीस. एकही चुकलेली नाही, आणि गोळ्या बारा उरलेल्या. याचा एकच अर्थ मला लागला: सहा वेळा मी घाईत खूण केली आणि गोळी दिलीच नाही. कोणत्या सहा वेळा, ते वहीवरून कळत नव्हतं.

त्याच आठवड्यात तपासणीचे आकडे आले. आधी उतरलेला कॅन्सरचा रक्तातला आकडा पुन्हा चढला होता, स्कॅनमध्ये गाठ वाढली होती. डॉक्टर म्हणाले, औषधाला पेशी सरावल्या. आणि मग सहज विचारलं, "गोळ्या मधे चुकल्या होत्या का?"

"नाही," मी म्हणाले. "एकही नाही."

मी वही पुढे केली. त्यांनी पानं उलटली आणि म्हणाले, सगळ्या रोग्यांच्या घरी अशी वही असती तर किती बरं झालं असतं. बारा गोळ्या माझ्या पर्समध्ये होत्या. बाबा शेजारच्या खुर्चीत बसले होते आणि माझ्याकडे बघत होते. ती नजर मी नऊ वर्षं अशीच वाचत आले, की ते डॉक्टरांचं कौतुक ऐकून खूश होते.

बाबा त्यानंतर तीन महिन्यांनी गेले. मी ती वही आणि गोळ्यांची डबी लोखंडी कपाटात वरच्या फळीवर ठेवली. मधे एकदा वेलचेरीत पाणी शिरलं आणि तळमजल्यावरून सामान हलवावं लागलं, तेव्हा मी लग्नाच्या साड्यांआधी ती वही वर नेली. प्रकाशला वाटलं, बाबांची आठवण. कुणाला सांगणार, की पुरावा आहे म्हणून?

तुला सांगितलं, दोन वर्षांपूर्वी. तुझ्या पेरुंगुडीच्या फ्लॅटवर, जेवताना. तू तुझ्या त्या लांबड्या चिठ्ठीबद्दल बोलत होतीस, की सरावलेली पेशी या चिठ्ठ्या बारीक पुडीत घालून शेजारच्या पेशीलाही धाडते. तुझा चेहरा उजळला होता. आणि माझ्या मनात आलं, हिच्यासाठी बाबांचा आजार हा एक विषय आहे. माझ्यासाठी तो बारा गोळ्या आहे. मग मी सगळं सांगून टाकलं. डबा, खुणा, डॉक्टर, खोटं बोलणं.

तू घास हातात धरून बसलीस. मग तो ताटात ठेवून म्हणालीस, "ताई, ती तुझी चूक नव्हती."

"तुझं आरएनए मला सांगू नकोस," मी म्हणाले. "प्रत्येक गोष्ट तुझ्या चिठ्ठीवर ढकलायची. मी चुकले. मला माझी चूक तरी माझी राहू दे."

"तसं नाही गं—"

"मग कसं? सांग ना. बारा गोळ्यांनी फरक पडला की नाही? आकड्यात सांग."

तू ताटाकडे बघत म्हणालीस, "आमटी आहे का अजून?"

मी आमटी वाढली. मला वाटलं, हिला उत्तर येत नाही. खरं सांगते, मला त्याचं जरा बरंही वाटलं.

गेल्या रविवारी तुझी सेल्वी घरी आली. शोकसभेत पहिल्या रांगेत होती ती, चष्मेवाली, तुझ्या हाताखाली पाच वर्षं. मला अक्का म्हणाली. मी म्हटलं, तू मला ओळखतेस? तर म्हणते, आमच्या लॅबमध्ये तुम्हाला सगळे ओळखतात. कुणी नवा निकाल घेऊन धावत आलं की मॅडम म्हणायच्या, 'छान. आता अक्काचा प्रश्न: किती वेळा केलंस?' एकदाच केलं असेल तर मुलं दारातूनच परत फिरायची. "आम्ही म्हणतो, अक्काला चालेल का? अक्काला चालणार असेल तरच छापायचं."

मला काय वाटलं ते तुला कळेल. तू माझा प्रश्न माझ्या नावानं लॅबमधल्या चोवीस माणसांना शिकवलास आणि मला पत्ता नाही. मी खूश व्हायला हवं होतं. मी मनात म्हटलं, म्हणजे माझा काटेकोरपणासुद्धा हिच्याच वर्गात गाजतो.

सेल्वीनं पिशवीतून तुझी एक वही काढली. "सगळं इंग्रजीत आहे, हे एक पान सोडून. हे तुमच्या भाषेत आहे, अक्का. आम्हाला वाचता येत नाही. या प्रयोगाचं मॅडमनी आम्हाला कारणही सांगितलं नव्हतं. नुसतं म्हणायच्या, शनिवारी सकाळी 'ब'ला औषध घालायचं नाही."

मी वाचलं. तुझं अक्षर लहानपणासारखंच, ओळ वर चढत गेलेली. तुझ्याच शब्दांत पुन्हा लिहिते, कारण मला ते एकदा माझ्या अक्षरात हवं आहे:

"बाबांनी सहा शनिवार सकाळची गोळी घेतली नाही. लोकलमध्ये पोट बिघडू नये म्हणून. ताई शाळेत गेली की दोन गोळ्या परत डब्यात टाकायचे. मी म्हटलं, बाबा, हे बरं नाही. म्हणाले, आठवड्यात तेरा वेळा घेतोच, एक वेळ सुट्टी. मी म्हटलं, टाकून द्या मग, परत का ठेवता? म्हणाले, न वापरलेला माल परत स्टोअरमध्ये. आणि ताईला मोजणीत सापडेलच. ती माझी मुलगी आहे. सापडलं की विचारेल, तेव्हा मी सांगेन, तू मधे पडू नकोस. मी हसले. मी त्यांना जबरदस्तीनं गोळी द्यायला हवी होती. मला तो शनिवार हवा होता.

"ताईनं विचारलंच नाही. डॉक्टरांकडून आल्यावर बाबा मला फोनवर म्हणाले, तिला सापडलं नाही वाटतं. पहिल्यांदाच चुकली. जरा हिरमुसले होते."

त्याखाली तुझा प्रयोग, कॅन्सरच्या पेशी वाढवलेल्या दोन डिशांचा. डिश 'अ', रोज दोन वेळा औषध. डिश 'ब', तेच, फक्त शनिवारी सकाळी नाही. डोस हळूहळू चढता. दोन्हींतल्या पेशी औषधाला कधी दाद देईनाशा होतात, आणि त्या लांब चिठ्ठीची पातळी कधी चढते. तीन खेपा. तिन्ही वेळा 'अ' आणि 'ब' जवळजवळ एकाच सुमाराला सरावल्या. चिठ्ठी दोन्हींत चढली. शेवटी लिहिलं आहेस: "ताईला आत्ता सांगायचं नाही. ती विचारेल, किती वेळा केलंस? तीन तिला चालणार नाही. निदान सहा. सहा झाले की सगळं एकदम सांगायचं, बाबांचंही."

मंजू, मी ते पान वाचून आधी रडले नाही. आधी मला राग आला, आणि रागाच्या खाली तोच जुना हेवा. त्यांनी तुझ्यासाठी औषध सोडलं. त्या वेळी त्या गोळीवर माझा जीव टांगलेला होता, आणि ती त्यांनी तुझ्याबरोबर एक इडली खाऊन लोकलच्या खिडकीशी बसता यावं म्हणून परत डब्यात टाकली. माझ्यासाठी त्यांनी काय सोडलं? आणि नऊ वर्षं मी जिला माझी चूक समजत होते, तीसुद्धा माझी नव्हती. ती तुमच्या दोघांची होती. मला त्यातही घेतलं नव्हतं.

मग मी ते एक वाक्य पुन्हा वाचलं. ताईला मोजणीत सापडेलच.

त्या गोळ्या माझ्यासाठी परत ठेवल्या होत्या गं. बेसिनमध्ये टाकता आल्या असत्या, गॅलरीतून टाकता आल्या असत्या, कुणाला कळलं नसतं. त्यांनी त्या माझ्या डब्यात ठेवल्या, कारण मी मोजणार हे त्यांना ठाऊक होतं. तुझ्याशी ते हसायचे. माझ्या मोजणीवर विसंबून होते. ते वाट बघत होते, की ही येईल आणि विचारेल, "बाबा, बारा जास्त कशा?" आणि मग कदाचित मलाही गेट पासची गोष्ट सांगितली असती, आणि शनिवारची रजा टाकून मीही तुमच्याबरोबर आले असते. मला सापडलं होतं. पहिल्याच मोजणीत सापडलं होतं. मी ते पर्समध्ये घालून डॉक्टरांपुढे बसले, ते शेजारच्या खुर्चीतून माझ्याकडे बघत राहिले, आणि मी मान वर करून म्हणाले, एकही नाही.

सेल्वी समोर बसली होती. तिला मी पान तमिळमध्ये सांगितलं, काही गाळलं नाही. तिनं चष्मा पुसला. मग म्हणाली, "चौथी खेप चालू आहे, अक्का. मॅडम गेल्या त्या दिवसापासून मीच बघतेय. बंद करू का?"

"डिश म्हणजे बाबा नव्हेत, हे मला कळतं," मी म्हणाले. "सहा काय, साठ वेळा केलंस तरी त्यांचं काय झालं असतं ते यातून सिद्ध होणार नाही."

"नाही होणार," ती म्हणाली. तू तिला खोटं सांत्वन करायला शिकवलेलं नाहीस, ते मला आवडलं.

"तरी सहा पुरे कर. तिनं सहा लिहिलंय."

"आणि शनिवारी सकाळी?"

"शनिवारी सकाळी 'ब'ला सुट्टी."

ती हसली आणि तिथेच रडायला लागली. मग मीही. चोविसातले एकोणीस दिवस कोरडे गेले होते, ते त्या दुपारी भरून निघाले.

तुला आता काय सांगू? तू मला दोन वर्षांपूर्वी आमटी मागण्याऐवजी हे सांगितलं असतंस तर मी तुझ्याशी महिनाभर बोलले नसते. मग बोलले असते. तो महिना आपल्याला परवडला असता. तुला सहाचा आकडा हवा होता, आणि तो हवा होता माझ्यामुळे. माझ्या 'किती वेळा'च्या धाकानं तू गप्प राहिलीस. हे माझ्याकडे नोंदवून ठेवते. आणि तू तुझा अपराध जसा मोजायला घेतलास, सहा खेपा, दोन डिशा, शनिवार सोडून, तसं तुझ्या एकशे चौदा माणसांतल्या कुणी मोजलं नसतं. ते तू माझ्याकडून घेतलंस. एवढं तरी माझं आहे.

काल कपाटातून बाबांची वही काढली. तो साठ दिवसांचा तक्ता उघडला. तिसऱ्या शनिवारपासून पुढचे सहा शनिवार, सकाळची खूण लाल पेननं खोडली आणि शेऱ्यात समोर लिहिलं: घेतली नाही. मंजूबरोबर लोकल. सहा वेळा लिहिलं. एकशे वीसच्या एकशे चौदा खुणा राहिल्या. तुझ्या शोकसभेचा तोच आकडा. मी तो जुळवलेला नाही, तो तसा आला.

मग डबी उघडून गोळ्या पुन्हा मोजल्या. तक्त्याच्या खाली नऊ वर्षं कोरी असलेली एक ओळ होती. बाबा स्टोअरच्या रजिस्टरात लिहायचे तसं तिथे लिहिलं: शिल्लक बारा. मोजले. आणि त्याखाली सही केली, शैलजा, पूर्ण नावानं, कारण रजिस्टरात ताई चालत नाही.

त्या वहीत आता तुझं नाव सहा वेळा आहे आणि माझं एकदा. दोनदा मोजून पाहिलं.